घरसंसार : मोत्याचे गारेगार



या सदरात आजवर आपण कुरडया-पापड्यांपासून बाळंतिणीच्या आहारापर्यंत पुष्कळ बोललो. आज दारातल्या कुत्र्याच्या खाण्यावर लिहिते आहे. काही जणी म्हणतील, बाईंना विषय संपले वाटते! पण उरवड्याला माझ्या नणंदेच्या घरी जे घडले ते पाहिल्यावर हे लिहिणे मला भागच आहे.

उरवडे मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे. पावसाळ्यात गेलात तर भातखाचरांनी डोळे निवतात. एप्रिलमध्ये मात्र सगळे रान करपलेले, आणि दुपारी बारानंतर पत्र्याच्या घरात थांबवत नाही. नणंद जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, नंदावा टेम्पोवर. घरी दोन मुले आणि मोत्या. मोत्या गावठीच, तांबड्या रंगाचा, एक कान पडलेला. पण त्याच्या जिवावर नणंद दुसऱ्या पाळीला निर्धास्त जाते. डोंगराकडेला घर, रात्री बिबट्याची भीती, आणि घरात सातवीतली मुलगी नि तिचा धाकटा भाऊ एवढेच. म्हणजे मोत्या हा त्या घराचा बिनपगारी रखवालदार आहे.

जयंतीनंतरच्या आठवड्यात मी तिकडे गेले होते. भर दुपारी मोत्या पत्र्याच्या पडवीत साखळीला बांधलेला. जीभ हातभर बाहेर, तोंडातून चिकट लाळ, पुढ्यातले पाणी तापून चहासारखे झालेले. भाच्याला त्याची दया आली. आधी त्याने स्वतःचा लाल सरबताचा गोळा त्याला चाटायला दिला. मग आपल्या डोक्याने एक युक्ती केली. घरात मोसमातली शेवटची स्वस्त द्राक्षे आणलेली होती. ती वाटीत घालून, वर पाणी ओतून त्याने फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि संध्याकाळी तो गोठलेला गोळा मोत्यापुढे ठेवला. मला मोठ्या कौतुकाने सांगतो, “मामी, मी मोत्याला गारेगार केलंय!” मीही कौतुकच केले. मला तरी कुठे ठाऊक होते!

रात्री मोत्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठेना. नंदाव्यांनी टेम्पोत घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लं?” द्राक्षे म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. तीन दिवस सलाइन लावावे लागले. नणंदेचे दोन खाडे झाले, उसनवारी झाली ती निराळीच. मोत्या वाचला. भाचा मात्र तीन दिवस नीट जेवला नाही.

द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या लक्षात हे साधारण 2001 च्या सुमारास आले. द्राक्षे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होत होती. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, दुसरा चार दाण्यांनी आजारी पडतो, म्हणून “आमच्या कुत्र्याला काही झालं नाही” या बोलण्यावर विसंबू नये. नेमके कारण पुष्कळ वर्षे सापडत नव्हते. 2021 साली तिथल्याच पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवले. आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही मूत्रपिंडाचा तसाच त्रास झाल्याचे पशुवैद्यांनी नोंदवले आहे. उरलेली चिंचगुळाची आमटी भाकरीवर ओतून कुत्र्याला घालायची आपली जुनी रीत. ती आजपासून बंद करा.

आता उन्हाचे. आपल्याला घाम येतो, तो वाळला की अंग गार होते. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना, आणि त्याने काही भागत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची नि तोंडातली ओल हवेत उडते, तेवढाच गारवा. त्याच्या अंगाची उष्णता मुळातच आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त, म्हणजे 38 ते 39 अंश सेल्सिअस. ती 41 च्या वर गेली की जिवाशी गाठ. चालताना झोकांड्या जाणे, हिरड्या लालभडक होणे, उलटी, शुद्ध हरपणे ही खूण. अशा वेळी गारेगार भरवत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला आणि डॉक्टरांकडे पळा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते.

थोडक्यात, गारेगार हे औषध नव्हे. सावली आणि दिवसातून तीनदा बदललेले पाणी हे पहिले. त्यावर दुपारचा थोडा विसावा आणि चाटत बसायला काही काम, एवढाच त्याचा उपयोग. पण तोही लहान समजू नका. साखळीला बांधलेल्या जनावराला दिवस किती लांब असतो! मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेतही अलीकडे उन्हाळ्यात जनावरांना फळांचे तुकडे घालून गोठवलेला बर्फ देतात. तिथले अस्वल खाते, तर आपल्या मोत्याने काय घोडे मारले?

मोत्या बरा झाल्यावर नणंदेने आणि मी दोन सुट्ट्यांच्या दिवशी जे करून पाहिले ते सांगते. सगळे घरातलेच जिन्नस आहेत.

सगळ्यांत सोपे कलिंगडाचे. लाल गर घ्यायचा, बिया एकूण एक काढायच्या, पाठीचा जाड भाग टाकायचा. गर हाताने कुस्करून लहान स्टीलच्या वाट्यांत घालून गोठवायचा. साखर नको, मीठ नको, चाट मसाला तर नकोच.

दुसरे तांबड्या भोपळ्याचे. साल-बिया काढून फोडी नुसत्या वाफवायच्या, मऊ घोटायच्या. एक वाटी भोपळ्याला अर्धी वाटी ताजे, आंबट न झालेले दही आणि अर्धी वाटी पाणी. सारखे करून गोठवायचे. दह्याऐवजी दूध घालू का, असे नणंदेने विचारले होते. घालू नये. पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, ढाळ लागतात. दह्यात ती विरजणामुळे कमी झालेली असते. तरी पहिल्या दिवशी दोनच चमचे देऊन पाहावे.

तिसरे नाचणीचे, आणि मला स्वतःला हेच आवडले. मुळशीच्या डोंगराकडेला नाचणी घरची असते. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून चांगले शिजवायचे, पातळ आंबील करायची. निवली की त्यात थोडे गोडे ताक. आपण आंबिलीला मीठ, लसूण, जिरे लावतो, ते मात्र आधी आपले बाजूला काढून मग लावायचे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो की शिजवलेला, फरक पडत नाही. उरलासुरला रस्सा कुत्र्याला घालताना आपण हा विचारच करत नाही.

चौथे अळणी पाण्याचे. रविवारी कोंबडी आणली की मान, पाठ, पंजे वेगळे ठेवायचे आणि नुसत्या पाण्यात उकळायचे. आपल्या घरी ज्याला अळणी म्हणतात त्यात हळद, मीठ, आले-लसूण असतेच, तसले नव्हे. खरोखरचे अळणी. हाडे सगळी काढून टाकायची. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याची कपची आतड्यात घुसते. पाणी निवल्यावर फ्रीजमध्ये तासभर ठेवले की वर चरबीचा थर येतो, तो चमच्याने उचलायचा. फार चरबी कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सोसत नाही. खालचे पाणी, त्यात थोडा शिजलेला भात नि गाजराचा कीस घालून गोठवायचे. मोत्याने हे पहिल्यांदा खाल्ले तेव्हा वाटीसकट अंगणभर फिरला.

गोठवण्याची रीत महत्त्वाची. सहा-सात तास ठेवावे आणि देण्याआधी पाच-दहा मिनिटे बाहेर काढावे, म्हणजे कडा मऊ पडतात. दगडासारख्या बर्फावर दात मोडू शकतो. कुल्फीसारखी काडी खोचू नये. भाच्याला काडी हवीच होती, पण कुत्रा काडीसकट गिळतो. मोठ्या कुत्र्याला घशात बसेल एवढा लहान तुकडा देऊ नये, चाटत राहावे लागेल एवढी वाटी द्यावी. मोत्याएवढ्या कुत्र्याला दिवसाला एक लहान वाटी पुरे. दिवसभराच्या अन्नाचा दहावा हिस्सा, त्यापुढे नाही. भाकरीची जागा गारेगाराने घेऊ नये.

आणि हो, वीज गेली आणि कप्प्यातले कोंबडीचे पाणी पातळ झाले, तर पुन्हा गोठवून देऊ नका. बर्फाने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. खेड्यात वीज किती वेळा जाते हे मी काय सांगावे! तासन् तास गेली असेल तर ओतून द्यावे.

घरात चॉकलेट, चहा-कॉफी, जायफळ घातलेले श्रीखंड उरले तर तेही कुत्र्याला नको. “शुगर फ्री” लिहिलेल्या गोळ्या, च्युइंगममध्ये जायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरवते, त्यात जीव जाऊ शकतो. आंब्याची कोय खेळायला देऊ नये, ती पोटात जाऊन अडकते.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मन खट्टू करू नये. माठातले पाणी पसरट मातीच्या परळात ओतून सावलीत ठेवले की ते दुपारभर गार राहते. त्यात कलिंगडाचे चार तुकडे सोडा, कुत्रा तोंड घालून हुडकत बसतो. ओले गोणपाट खाली अंथरले तर त्यावर तो आपण होऊन जाऊन पडतो. कारखान्याचा लादी बर्फ मात्र घालू नका. महाराष्ट्रात 2018 सालच्या उन्हाळ्यापासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती आहे. तो माल थंड ठेवायला असतो, पोटात घालायला नव्हे. माणसाच्याही नव्हे आणि जनावराच्याही नव्हे.

शेजारची एक बाई वाट्या पाहून नणंदेला म्हणाली, “आपल्याच लेकरांना धड मिळत नाही नि कुत्र्याचे लाड!” नणंद गप्प बसली. मला ते लागले, कारण बोलण्यात खोटे काही नव्हते. पण हिशेब केला तर भोपळ्याची फोड, दह्याचे दोन चमचे आणि टाकून दिली असती ती कोंबडीची मान, यापलीकडे खर्च नाही. सलाइनचा खर्च याच्या किती पट झाला हे त्या घराला चांगले माहीत आहे. आणि लाड म्हणाल तर, दादरच्या राजगृहातला 1934 सालचा एक कौटुंबिक फोटो आपल्यापैकी पुष्कळांच्या पाहण्यात असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव, आणि त्यांच्याबरोबर टॉबी नावाचा कुत्रा. घरच्या माणसांच्या फोटोत तोही आहे. शेजारणीला मी एवढेच सांगितले. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कुत्र्यासाठी एक रिकामी वाटी घेऊन आली.

दोन गोष्टी मुलांना बजावून ठेवा. कुत्रा खात असताना त्याच्या वाटीला हात लावायचा नाही, घरचा असला तरी. आणि आपल्या कुत्र्याला पिसाळण्याची लस टोचून घेतलेली असावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मोत्याची राहिली होती, ती त्या आजारपणाच्या निमित्ताने झाली.

नणंदेने आता बर्फाच्या कप्प्यात एक कोपरा मोत्याला दिला आहे. त्याच्या वाट्यांवर ओळखीला लाल दोरा बांधलेला असतो, म्हणजे घाईत कुणाची चूक व्हायला नको. तरी परवा फोनवर ती सांगत होती, “वहिनी, वाट्या चार लावल्या होत्या, सकाळी तीनच भरलेल्या!” मोत्या तर बाहेर बांधलेला. शेवटी भाच्याने कबुली दिली. भोपळ्याची वाटी त्यानेच संपवली होती. म्हणाला, “थोडी साखर असती तर अजून चांगली लागली असती.”