गाडी धुतली का?

समृद्धी महामार्गाचा विषय निघाला की बुलढाणा जिल्ह्यात अजूनही १ जुलै २०२३ची ती रात्र निघतेच. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ जण आतच गेले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पानंच्या पानं छापून आली. पण ते देह बाहेर काढले कोणी, बुलढाण्याला आणले कोणी, शवविच्छेदनाच्या टेबलावर ठेवले कोणी? पोलीस, अग्निशमनवाले, रुग्णवाहिकांचे चालक आणि डॉक्टर, शवागारातले सफाई कामगार. दुसऱ्या दिवशी बहुतेक मृतदेहांवर बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार झाले. ड्युट्या मात्र चालूच राहिल्या.

माझ्या ओळखीचा एक रुग्णवाहिका चालक आहे. त्याच्या मनात कोणता अपघात बसलाय ते मी विचारत नाही, तोही सांगत नाही. पण घरात भरताचं वांगं भाजायला ठेवलं की हा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. बायकोनं आता भरीत करणंच सोडलंय, आणि वऱ्हाडातल्या घरात भरीत बंद होणं ही काही साधी गोष्ट नाही. ‘त्या फेरीवरून आल्यावर साहेबांनी काय विचारलं?’ असं म्हणालो, तर हसून म्हणाला, ‘गाडी धुतली का, विचारलं ना भाऊ.’ फेरी, किलोमीटर, डिझेल, सगळं लॉगबुकात चढलं होतं.

अशा वेळी आपल्याला हमखास सुचतं ते शिबिर. हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, आणि तज्ज्ञ सांगणार, मन मोकळं करा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत साहेबच बसलेले, मग मन मोकळं करणार कोण? अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या लोकांसाठी घटनेनंतर एकत्र बसवून बोलतं करण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर गेली. पुढे २००२च्या कॉक्रेन आढाव्यानं एकाच बैठकीत प्रसंग उकरून काढण्याच्या उपायांची झडती घेतली. पुढचा मानसिक त्रास त्यानं टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, असं निघालं. ते अभ्यास बहुतेक प्रसंग स्वतः भोगलेल्यांवरचे होते, मदतीला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचे नव्हेत, हेही खरं. तरी बळंच बोलायला लावू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारावरची २०११ची पुस्तिका साध्या गोष्टींवर भर देते. माणूस सुखरूप आहे ना, पोटात काही गेलं का, घरच्यांशी बोलणं झालं का. आणि तो सांगेल तेवढंच ऐकून घ्यायचं. मदतीला जाणाऱ्यांनी स्वतःला आणि सोबत्यांना कसं सांभाळावं, यावरही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. मी त्यात आपल्याकडची एक भर घालीन: महिन्याभरानं पुन्हा विचारा. सगळे विसरलेले असतात, तेव्हाच रात्रीची झोप उडते आणि संध्याकाळची बाटली निघते.

आशाताईंचं तर याहून अवघड. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आपला जिल्हाही आहे. झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, हे प्रश्न घरोघर जाऊन विचारणारी आशाताई त्याच गावची सून असते. विचारून आलेल्या घरी एखाद्या वेळी तिलाच दुखवट्याला जावं लागतं. काम मानधनावरचं, मग रजा कुठली? आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी तेच प्रश्न.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, चांगला आहे. मी तो चालकाला दिला. ‘दिवसभर फोनच वाजते भाऊ,’ म्हणाला, ‘आता अजून एक मीच लावू?’ मग तुला काय हवं होतं, असं विचारल्यावर मात्र त्याला विचार करावा लागला नाही. ‘त्या दिवशी लगेच दुसरी फेरी द्याले नको होती.’

त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघायची गरज नाही. बदली चालकांची यादी लागते, आणि ती रात्री दोन वाजता उघडून फोन लावणारा एक अधिकारी.