अंगणातील लंगडी कोंबडी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. शनिवारची सायंकाळ होती. बाकीच्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आमची तांबडी मात्र अंगणाच्या कडेला एका पायावर उभी राहिली. दुसरा पाय तिने पोटाशी आखडून घेतला होता. शेजारीणबाई कुंपणापाशी होत्या. एकच नजर टाकून त्यांनी निकाल दिला, ‘पाय मोडलाय तिचा, बाई. उद्या रविवार आहे. झुरून मरण्यापेक्षा रस्सा तरी होईल.’

त्यांचे बोलणे निष्ठुर म्हणता येणार नाही. खेड्यात कोंबडी शेवटी पोटासाठीच पाळलेली असते. परंतु ही तांबडी आमच्या नातीने पिलापासून हातावर वाढवलेली. पोर काही बोलली नाही. तिने कोंबडी उचलून छातीशी धरली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा मी म्हटले, ‘आधी पाय तरी पाहू. मग काय ते ठरवू.’

हे ‘पाहणे’ कसे असावे, ते आज वाचकभगिनींना सांगावे असे मनात आहे. कारण लंगडणारी कोंबडी दिसली की पाय मोडला असे आपण परस्पर ठरवून टाकतो, आणि पाय उचलून पाहण्याआधीच सुरी हाती घेतो.

कोंबडी तपासावी ती दिवेलागणीला. अंधारात तिला दिसत नाही, म्हणून ती शांत राहते. अंगाभोवती जुने लुगडे गुंडाळावे, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते; छातीचे हाड हलते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. घाबरून घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरते. प्रथम चांगला पाय मांडीपासून नखापर्यंत चाचपावा, मग दुखरा. म्हणजे फरक बोटांना आपोआप कळतो. हाड मोडले असेल तर पाय भलत्याच दिशेला लोंबतो. नुसता मुका मार असेल तर कातडी एक-दोन दिवसांत हिरवी पडते. ती सडली असे समजून भिऊ नये. पक्ष्यांच्या अंगात साकळलेले रक्त मुरताना असेच हिरवे होते. बोटांच्या बेचक्या अवश्य पाहाव्यात. पोत्याचा दोरा किंवा आपल्याच विंचरलेल्या केसांचा गुंता तेथे अडकतो आणि दिवसेंदिवस आत रुतत जातो. अशा एका दोऱ्यापायी बोट झडून जाते. तो कात्रीने कापून काढला की काम झाले.

शेवटी तळवा. आमच्या तांबडीचे दुखणे तेथे निघाले. तळव्याच्या मधोमध वाटाण्याएवढी काळी खपली आणि भोवती गरम सूज. हाड शाबूत होते! दोष होता आमच्या खुराड्याचा. बसण्याची दांडी छातीइतकी उंच आणि खाली खडबडीत जांभा. रोज पहाटे ती जड कोंबडी त्या दगडावर उडी टाकी. तळव्याला बारीक जखम झाली, तीत जंतू शिरले.

उपचार साधा, परंतु चिकाटीचा. रोज सायंकाळी रोजरीपूर्वी नात कोंबडीचा पाय दहा-पंधरा मिनिटे मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसे. मग पाय कोरडा करून आयोडीनचे तांबडे औषध लावायचे, स्वच्छ कापडाची घडी ठेवून वर सैल पट्टी बांधायची आणि हात साबणाने धुवायचे. कारण हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. खपली मऊ होऊन आपण सुटली तर सुटू द्यावी. ब्लेडने खोल कोरण्याच्या भानगडीत पडू नये. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहता नसतो, घट्ट गोळा असतो, आणि शिरा व स्नायूबंध त्याला अगदी लागून असतात. गाठ मोठी असेल तर ते काम पशुवैद्याचे.

पट्टी सैल का, ते मी फार महाग किमतीला शिकले. वीसेक वर्षांपूर्वी एका काळ्या तलंगेची नळी खरोखरच मोडली होती. मी हौसेने बांबूच्या काड्या लावून सुतळीने करकचून आवळल्या आणि आठवडाभर सोडून पाहिले नाही. सोडले तेव्हा बोटे काळीठिक्कर, गार पडली होती. हाड जुळले असते. पाय मी मारला. पिसांखालच्या नळीचे हाड कापसाची गादी व हलकी पट्टी यांच्या आधाराने तीनेक आठवड्यांत सांधते, पण बोटांची ऊब व सूज रोज पाहिलीच पाहिजे. मांडीचे हाड मोडले, किंवा हाड कातडीबाहेर आले, तर घरी हात लावूच नये.

दुखऱ्या कोंबडीला वेगळे ठेवणे हेही अर्धे औषध होय. कळपातल्या दुसऱ्या कोंबड्या तिला टोचून टोचून हैराण करतात. तांबडीला आम्ही पडवीत टोपलीत पेंढ्यावर ठेवले. तेथून तिला आपल्या सोबतिणी दिसत. पाणी व कण्या चोचीजवळच ठेवल्या. सोबत शिंपल्यांचा चुरा. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम चुना जातो. तो खाद्यातून मिळाला नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. आपल्या घरातली वेदनेची गोळी मात्र कुस्करून देऊ नये. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे किती मेली, आणि २००६ साली सरकारला ते औषध गुरांसाठी बंद करावे लागले, हे स्मरणात असावे.

काही लंगडणी पायाची नसतातच. तरुण तलंग एक पाय पुढे व एक मागे ताणून पडली असेल तर तो बहुधा मारेक्स रोग. त्यावर औषध नाही, एक दिवसाच्या पिलाला टोचलेली लस एवढाच उपाय. माना वाकड्या होऊन दोन-चार कोंबड्या एकदम लुळ्या पडल्या तर ती मानमोडी समजावी, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अशी कोंबडी हंडीत घालू नये. औषध दिलेल्या कोंबडीचे मांस व अंडीही डॉक्टर सांगतील तितके दिवस वर्ज्य. आणि पाखरू उठत नाही, खात नाही, बरे होण्याची आशा उरली नाही, तर त्याला मुंग्यांच्या स्वाधीन न करता एका झटक्यात सोडवावे. ते पोरांना खरे सांगूनच करावे. नातीला पहिल्याच दिवशी मी हे सांगितले होते. ती हुंदके देत ‘बरं, आजी’ म्हणाली, आणि गरम पाणी आणावयास गेली.

अठराव्या दिवशी तांबडी टोपलीतून आपण उतरली. खुराड्याची दांडी आता गुडघ्याच्या उंचीवर आहे, रंधून गुळगुळीत केलेली, आणि खाली भाताचा भुसा आहे. ती अजून किंचित लंगडते. परवा ती खुडूक बसली असे ऐकून शेजारीणबाई पदराखाली अकरा अंडी घेऊन आल्या. ‘आमच्या एकीलाही धड बसता येत नाही,’ म्हणाल्या, ‘तुमच्या लंगडीखाली ठेवाल का?’

नातीने तीन पिले आपल्याला हवीत असे सांगून मगच अंडी घेतली.