साथ आली तरी गाठ थांबत नाही



करोनाची साथ ओसरून आता काही वर्षे झाली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी उठवली आणि आपणही तोंडावरचे मास्क काढून कामाधंद्याला लागलो. करोनाने किती माणसे गेली याचे आकडे निघाले, त्यावर वादही झाले. पण ज्यांना करोना शिवलाही नाही आणि तरी साथीनेच ज्यांचे नुकसान केले, त्यांचा हिशेब कोण मांडणार? मी पेशाने कारकून, जमाखर्चाची सवय जात नाही. म्हणून आज कॅन्सरच्या रुग्णांचा हिशेब मांडतो आहे.

मोतीबिंदूचे ऑपरेशन दोन-चार महिने पुढे ढकलता येते, कॅन्सरच्या गाठीचे तसे नाही. ती वाढतच राहते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर केमो घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, रोगाशी झुंजण्याची ताकद उतरते. अशा माणसाला गर्दीच्या दवाखान्यात बोलावणे म्हणजे साथीच्या तोंडी देणे. उपचार द्यावा तर करोनाची भीती, न द्यावा तर कॅन्सर वाढण्याची. २०२० च्या मार्च महिन्यात जगभरच्या डॉक्टरांपुढे हाच पेच होता आणि पुष्कळ ठिकाणी उपचार पुढे ढकलले गेले.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मात्र दार लावून घेतले नाही. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचा गरीब माणूस तिथे येतो. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदी सर्वांत कडक असताना, तिथे कॅन्सरच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यातला एकही रुग्ण दगावला नाही. सहा जणांना नंतर करोना निघाला, पण त्यांनाही वाढीव उपचार लागले नाहीत. योग्य काळजी घेतली तर साथीतही काम चालू ठेवता येते, हे या आकड्यांनी दाखवून दिले. असे काम एकट्या सर्जनच्या हातून होत नाही. नर्स, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार त्यामागे उभे असतात, आणि या कामांत आपल्या वस्त्यांतली किती माणसे आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण दार उघडे असून काय उपयोग, दारापर्यंतची वाटच बंद असेल तर?

रेल्वेचेच पाहा. २० मार्च २०२० पासून रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेकांच्या भाडेसवलती थांबवल्या. रुग्ण, दिव्यांग आणि विद्यार्थी यांच्या सवलती तेवढ्या राखल्या. कागदावर उत्तम! पण दोनच दिवसांनी प्रवासी गाड्याच थांबल्या. कॅन्सर रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ, आणि रुळावर गाडी नाही. मुंबईची लोकल १५ जूनला पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. कॅन्सर रुग्णांना तिच्यात बसण्याची परवानगी मिळायला आणखी काही महिने जावे लागले.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंचे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे शेक निम्मे झाले होते आणि टाळेबंदी लागली. धुणीभांडी करून घर चालवणारी बाई. घरापासून रुग्णालय तीस किलोमीटरवर. आम्ही कार्यकर्त्यांनी पोलिसांच्या पाससाठी अर्ज केला, पास मिळालाही. पण पासवर काही गाडी चालत नाही. खासगी गाडीवाला येण्याजाण्याचे दोन हजार मागे. पंचवीस शेकांपैकी तेरा बाकी, म्हणजे सव्वीस हजार रुपये. जिची सगळी कामे बंद, तिने ते आणायचे कुठून? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसला, गाडीभाडे बसले नाही. शेवटी पहाटे भाजी घेऊन दादरला जाणारा एक टेम्पोवाला तयार झाला. महिला मंडळाने भिशीतून डिझेलचे पैसे काढले. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी, मुलगी मागे कोबीच्या गोण्यांवर. चार दिवसांचा खंड पडला, पण तेराही शेक पूर्ण झाले. या रोगात सारा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो, जास्त लांबला तर गुण कमी येतो, म्हणून ही धावपळ.

ज्यांना असा टेम्पो मिळाला नाही त्यांचे काय झाले? देशातील ४१ कॅन्सर केंद्रांनी मिळून १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांचे आकडे आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले. नवे रुग्ण १,१२,२७० होते ते ५१,७६० वर आले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ झाल्या. शेक घेणारे ५१,१४२ वरून ३९,३६५. नवे रुग्ण साठ हजारांनी कमी झाले म्हणजे तेवढ्या लोकांना कॅन्सर झालाच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ती माणसे गाठ घेऊन घरात बसली होती. वाढलेला रोग घेऊन ती पुढे दवाखान्यात आली असतील, किंवा आलीच नसतील. शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० सालीच दाखवले गेले आहे.

मुंबईबाहेरून आलेल्यांची तर आणखीच अडचण. जायला गाडी नाही, राहायला खोली नाही. परळ-दादर भागात कित्येक रुग्ण फुटपाथवर आणि पुलाखाली अडकून पडले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आसरे आहेत, पण मागणीच्या मानाने ते अपुरे. रक्ताचाही तुटवडा पडला. एरवी १४ एप्रिलच्या आसपास वस्तीवस्तीत रक्तदान शिबिरे होतात. त्या वर्षी जयंती आपण घरातच साजरी केली, ते योग्यही होते, पण रक्तपेढीत बाटली कमी पडली ती पडलीच.

साथीने दोन-चार चांगल्या गोष्टीही रुळवल्या. शेकांची संख्या कमी करून मात्रा वाढवण्याची पद्धत, जिथे चालते तिथे, जास्त वापरली गेली. पाच आठवड्यांच्या फेऱ्या तीनवर आल्या की रोजंदारीवाल्याचे किती वाचते ते बघा. २५ मार्च २०२० ला केंद्र शासनाने फोनवरून सल्ला देण्याची नियमावली काढली. टाटाच्याच डॉक्टरांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, तोंड-घशाच्या बरे न होणाऱ्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन स्वस्त गोळ्या शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या: साडेसात महिने आयुष्य विरुद्ध सहा. दीड महिना थोडका वाटेल. पण तो सुई न टोचता, आपल्या घरी मिळालेला आहे. (या गोळ्या कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत, जिवावर बेततील.)

मात्र फोनच्या नियमावलीत एक खोच राहिली. असह्य वेदनांवर मॉर्फीनची गोळी लागते, आणि अमली पदार्थांच्या कायद्यातले औषध म्हणून ती फोनवरून लिहून देता येत नाही. ज्या घरात माणूस वेदनेने तळमळत आहे, त्याच घराने टाळेबंदीत वाट काढायची! लसीचेही तसेच. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या कॅन्सर रुग्णांना लस खुली झाली, पण चाळिशीच्या आतल्या, केमो घेत असलेल्या आईला मे महिन्यापर्यंत थांबावे लागले.

पुन्हा साथ आली तर शासनाने आणि महापालिकांनी रुग्णालयाबरोबर वाहनाची आणि मुक्कामाचीही सोय पहिल्या दिवसापासून केली पाहिजे, आणि बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील कॅन्सर रुग्णालयांना बळ दिले पाहिजे, म्हणजे प्रत्येकाला परळ गाठावे लागणार नाही. ही मागणी आपल्या मंडळांनी आताच लावून धरावी.

तोवर आपल्या हातातले सांगतो. टाळेबंदीत ज्यांची तपासणी चुकली आणि मग राहूनच गेली, असे रुग्ण वस्तीत अजून आहेत. त्यांनी जुनी फाईल घेऊन जावे, आता कशाला आलात असे कोणी म्हणणार नाही. मिश्री-तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर लगेच दाखवावा. रेल्वे सवलतीचा दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयातूनच मिळतो; त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का दोन्ही आहेत ना, हे खिडकीवर जाण्याआधी पाहावे. सोबत जाणाऱ्या एका माणसालाही सवलत असते, ती पुष्कळांना ठाऊक नसते.