टीव्ही वर, मान वर!

नव्या फ्लॅटमध्ये टीव्ही लावायला आलेला माणूस ड्रिल हातात घेऊन विचारतो, ‘मॅडम, किती वर लावू?’ आणि आपण हात उंचावून सांगतो, ‘इथे!’ गंमत म्हणजे सांगताना आपण उभे असतो. टीव्ही मात्र बसून बघायचा असतो.

मग ही उंचीची सवय आली कुठून? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. तेव्हा चाळीत एखाद्याच घरी टीव्ही. १९८७मध्ये ‘रामायण’ लागलं की मुलं जमिनीवर, मोठी माणसं कॉटवर आणि उरलेले दारात उभे. सगळ्यांना दिसायचं तर सेट उंचावरच हवा. उडप्याच्या हॉटेलातही म्हणूनच तो वर असतो. पण अंधेरीतल्या आपल्या वन बीएचकेच्या दारात उभं कोण असतं? डिलिव्हरीवाला!

आता थोडं गणित. सोफ्यावर रेलून बसलं की आपले डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर येतात. स्क्रीनचा मध्य तिथेच हवा. ४३ इंची टीव्हीची उंची २१ इंच, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम ३० इंचांवर. ‘एवढा खाली?’ हो, एवढाच! खोली जितकी छोटी, तितकं हे जास्त महत्त्वाचं. टीव्ही २० इंच वर गेला, तर आठ फुटांवरून नजर १२ अंश वर करावी लागते, साडेपाच फुटांवरून १७ अंश. म्हणजे रोज थिएटरच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखं. सीप्झमध्ये दिवसभर मॉनिटरपुढे आखडलेल्या मानेला ही आणखी शिक्षा कशाला?

पण ४० इंच हा आकडा सोफ्याचा. चकाल्याच्या माझ्या एका मैत्रिणीने अगदी मोजूनमापून टीव्ही लावला. ती आणि नवरा बघतात रात्री दहानंतर. दिवसभर बघतात त्या सासूबाई, जमिनीवर गादी टाकून, चार फुटांवरून. तिथे डोळे असतात २८ इंचांवर. महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त टीव्ही बंद आणि रेडिओ सुरू. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, ‘छान आहे गं टीव्ही, मान तेवढी दुखते.’ पुढच्याच रविवारी टीव्ही सहा इंच खाली आला. जुन्या भोकांवर आता कालनिर्णय आहे.

भाड्याच्या घरात तर भोकं पाडण्याआधी घरमालकाला विचारा आणि शक्यतो एकदाच पाडा. त्याआधी वर्तमानपत्रं जोडून टीव्हीच्या मापाचा कागद कापा, भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस नेहमीच्या जागी बसून बघा. बेडरूममध्ये आडवं होऊन बघत असाल, तर टीव्ही थोडा वर आणि खाली कललेला चालेल.

आणि घरात सगळ्यात जास्त वेळ टीव्ही कोण बघतं, ते आधी ठरवा. पहिला मान त्या मानेचा!