शब्दाचा अभिमान, अर्थाचे भान

‘गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत होती’, हे वाक्य आपण वृत्तपत्रांत नित्य वाचतो. व्यवहारात ते खपून जाते. परंतु शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ हे शब्द काटेकोरपणे निराळे केलेले आहेत. एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल. एकक काळात विशिष्ट दिशेने झालेले विस्थापन म्हणजे वेग. ४०० मीटरची फेरी पूर्ण करून धावपटू आरंभस्थानी परतला, तर त्याची चाल कितीही असो, सरासरी वेग शून्यच.

इंग्रजीतील ‘व्हेलॉसिटी’ हा शब्द लॅटिनमधील ‘वेलॉक्स’ म्हणजे ‘शीघ्र’ या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी दिशेचा संकेत नाही. १६८७ साली न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने याच कुळातील शब्द वापरला. सदिश राशींचे गणित मात्र एकोणिसाव्या शतकात उभे राहिले आणि दिशेचा अर्थ त्या शब्दाला पारिभाषिक संकेताने चिकटला.

आपल्या ‘वेग’ शब्दाचे कूळ निराळे आहे. तो संस्कृत ‘विज्’ धातूपासून आला. थरथरणे, क्षुब्ध होणे, हलणे हे त्या धातूचे अर्थ. उद्वेग, आवेग, संवेग ही त्याचीच भावंडे. चरकसंहितेने शिंक, जांभई, तहान, निद्रा असे तेरा वेग सांगितले आणि ते अडवू नयेत, असे बजावले. येथे वेग म्हणजे शीघ्रता नव्हे, आतून येणारा रेटा होय.

वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी या रेट्याला शास्त्रीय स्थान दिले. वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे संस्काराचे तीन प्रकार त्यांनी मानले. वेग हालचालीतून उपजतो, नियत दिशेने हालचालींची परंपरा चालू ठेवतो आणि स्पर्शयुक्त द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला की नाश पावतो. धनुष्यापासून सुटलेला बाण पुढे का जात राहतो, या प्रश्नाचे हे उत्तर होते. दिशेचे भान या व्याख्येतच आहे, याचा अभिमान अवश्य बाळगावा.

परंतु अभिमान डोळस हवा. प्रशस्तपादांचा वेग हे गतीचे कारण आहे; अंतर आणि काळ यांचे गुणोत्तर नव्हे. मोजमापाचा विचार आपल्याकडे झाला तो ज्योतिर्गणितात, ‘गती’ या शब्दाने. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचे गणित मांडले. हे दोन प्रवाह निरनिराळे आहेत. ‘न्यूटनचे तिन्ही नियम कणादांनी आधीच सांगितले होते’, असे संदेश अलीकडे फिरत असतात. त्यांत बहुधा प्रशस्तपादांच्या याच विवेचनातील शब्द संदर्भापासून तोडून कणादांची सूत्रे म्हणून दिलेले असतात. यात कणादांचा गौरव होत नाही आणि प्रशस्तपादांवर अन्याय होतो. शिवाय जिज्ञासू विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ उघडून पाहिला, तर त्याचा खऱ्या वारशावरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्या टोकाला, मराठीत विज्ञान शिकविणे अशक्य आहे, असे मानणारे आहेत. त्यांनी ‘सदिश’ आणि ‘अदिश’ ही जोडी पाहावी. दिशा आहे की नाही, हे शब्दच सांगतो. ‘व्हेक्टर’ आणि ‘स्केलर’ मराठी मुलाला ते सांगत नाहीत. ‘विस्थापन’ शब्दातही स्थान सुटल्याची खूण आहे. शिक्षकांनी व्याख्या घोकून घेण्यापूर्वी शब्दाचे मूळ उलगडून सांगितले, तर निम्मे काम तेथेच होईल. मात्र वेग शब्दाचा जुना अर्थ कोठे संपतो आणि आजचा पारिभाषिक अर्थ कोठे सुरू होतो, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. पूर्वजांनी अर्थाच्या बाबतीत जी काटेकोर शिस्त पाळली, ती आपण सोडली, तर नुसत्या शब्दाचा वारसा मिरविण्यात काय हशील?