सब्र आणि बाळाचा मोतीबिंदू

जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाबद्दल आपल्या मोहल्ल्यात तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'नजर लागलीय.' 'मोठं झाल्यावर बघू.' आणि सगळ्यांत वजनदार: 'अल्लाहची मर्जी, सब्र करा.'

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या अर्थाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे. जे आपल्या हातात नाही ते सोसणं म्हणजे सब्र. जे हातात आहे ते टाळणं म्हणजे गफलत.

हातात काय आहे? म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू काही महिने थांबला तरी चालतं, कारण त्याचा मेंदू बघायला आधीच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू ते पहिल्या काही महिन्यांतच शिकतो. म्हणून मोतीबिंदू दाट असेल तर डॉक्टर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करा म्हणतात. बाहुलीत पांढरट झाक दिसली, किंवा तीन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघत नसलं, तर ताविजाआधी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. ती झाक कधी कधी डोळ्याच्या कॅन्सरचीही असते.

शस्त्रक्रिया झाली की संपलं, हाही गैरसमज. पुढे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, गरज असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, आणि वर्षानुवर्षं तपासणी. 'मुलीला जाड भिंगाचा चष्मा, उद्या लग्नाचं काय?' असं म्हणून चष्मा कपाटात ठेवणारे आईबाप मी पाहिलेत. लग्नाची एवढी काळजी, आणि नजरेची नाही!

याउलट 'आता उशीर झाला' म्हणून हात झटकणारेही चूकच. दिल्लीत शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने जन्मापासून न दिसणाऱ्या, मोठ्या झालेल्या मुलांवर शस्त्रक्रिया घडवून आणल्या. 2011 साली त्यांनी 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखणं त्यांना आधी जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. नजर पूर्ण येत नाही, पण जी येते ती आयुष्य बदलते.

पैशांचं कारण तर सांगूच नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत, आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी गरिबाला जकातीतून देता येत नाही का?

आणखी एक कडू गोष्ट. गरोदर बाईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम आली, तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या अफवा वाचून कितीतरी पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. याला कोणाची मर्जी म्हणायचं? ही तर आपलीच मर्जी.

काही जण मला हजरत इब्ने उम्मे मक्तूम यांचं उदाहरण देतात: अंध होते, तरी मुअज्जिन झाले. बरोबर. पण त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून खुद्द कुरआनात सूरह अबस उतरली. ती सूरह पढून एखाद्या बाळाच्या डोळ्यांकडे पाठ फिरवणारे आपण कोण?

इमाम साहेबांना विनंती आहे: येत्या जुम्याच्या बयानात दोन मिनिटं यावर बोला.