शोधगंगा दारी, विद्यापीठे मात्र कोरडी!

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, जुनी दफ्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड सिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही याच तळमळीतून. त्यामागे ना वेतनश्रेणी होती, ना पदोन्नतीचे गुण. सापडलेले साधन समाजापुढे ठेवणे हाच संशोधकाचा धर्म मानला गेला.

आज अशा पायपिटीची गरज उरलेली नाही. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राने उभारलेल्या 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध विनामूल्य उपलब्ध आहेत. शिरूर-दौंडकडच्या अध्यापकाला एकेकाळी एक प्रबंध चाळण्यासाठी गणेशखिंडीतील जयकर ग्रंथालय गाठावे लागे. आज तो घरबसल्या उघडता येतो. तरीही किती अध्यापक तो उघडतात? १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा येथील लढाईवर छातीठोकपणे बोलणारे पुष्कळ. त्यावरील संशोधन वाचून बोलणारे किती?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीतच पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि २०१६ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. प्रत जमा होते, पण नियमापोटी, श्रद्धेने नव्हे. 'आमचे लेखन कुणी चोरील,' ही भीती पुढे केली जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कपाटात कुलूपबंद असलेल्या प्रबंधाची चोरी सहज पचते. चारचौघांत ठेवलेल्याची उघडी पडते. वाङ्मयचौर्याविरुद्ध आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. मग उजेडाचे भय नेमके कोणाला?

मराठी प्रबंधांची उपेक्षा तर अधिकच क्लेशदायक आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत अक्षरजुळणी झालेला प्रबंध भांडारात असूनही शब्दशोधात सापडत नाही. तो असून नसल्यासारखाच!

परदेशी प्रकाशकांची नियतकालिके विद्यार्थ्यांना मिळावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. जगाचे ज्ञान घरी आलेच पाहिजे. परंतु आपल्याच विद्यापीठांत, आपल्याच करातून झालेले संशोधन न वाचता केवळ परक्यांच्या तोंडाकडे पाहणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा!

विद्यापीठांनी अध्यापकांना या भांडाराचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये आणावेत आणि आपले संशोधन खुले करणाऱ्या अध्यापकाचा मूल्यमापनात सन्मान करावा. पालकांनीही महाविद्यालयाची इमारत पाहून हुरळून न जाता तेथील अध्यापकांचे संशोधन कोठे वाचायला मिळते, हे विचारावे. ज्ञान हे राष्ट्राचे धन आहे. ते दडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.